तेलात माखलेला कुरव धुतल्यावरही खालावतोय, मदत हवी आहे

धागाकर्ता: तपकिरी डोक्याचा कुरव (सीगल), मच्छीमार जेट्टीवरच्या जळक्या ऑइलमध्ये माखलेला. वनविभागाला कळवून उपचार केंद्रात ठेवलाय. पिसं स्वच्छ झाली, मासे खातो. पण वजन ६०० वरून ५१० ग्रॅमवर आलं. चोच उघडी ठेवून श्वास घेतो, आवाज घोगरा झालाय. पीसीव्ही (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) २६ टक्के, पांढऱ्या पेशींपैकी हेटेरोफिल वाढलेले, लिम्फोसाइट घटलेले. अँटिबायोटिकने फरक नाही. तेलाने प्रतिकारशक्ती गेली असं समजायचं का?

प्रतिसाद १: घोगरा आवाज आणि उघडी चोच, म्हणजे पहिला संशय अ‍ॅस्परजिलस बुरशीचा. तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. हवापिशव्यांचा (फुफ्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या) एक्स-रे काढा, पण सुरुवातीला तो स्वच्छ दिसू शकतो; त्यावर विसंबून औषध लांबवू नका. बुरशीवरचं औषध इट्राकोनाझोल साधारण १० ते २० मिग्रॅ प्रतिकिलो, दिवसातून एकदा. नेमका डोस पशुवैद्यच ठरवतील. सूज उतरावी म्हणून कुणी स्टेरॉइड सुचवलं तर साफ नाही म्हणा, बुरशीला रान मोकळं मिळतं.

तेलाचा हात आहेच. पिसं चोचीने साफ करताना ते पोटात जातं आणि तांबड्या पेशी फुटतात. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कच्चं तेल पाजलेल्या हेरिंग कुरव आणि पफिन या समुद्रपक्ष्यांच्या पिल्लांत हाइंझ बॉडी (तांबड्या पेशींतले बिघडलेल्या हिमोग्लोबिनचे ठिपके) आणि पंडुरोग दिसला होता. हे ठिपके दिसावेत म्हणून लॅबला न्यू मिथिलीन ब्लू या रंगाची स्लाइड करायला सांगा. मात्र लिम्फोसाइट घटणं एकट्या तेलाच्या माथी मारू नका; पकडणं, कोंडणं, रोज हाताळणं यानेही रक्ताचं चित्र असंच दिसतं.

प्रतिसाद २: खाली काय अंथरलंय? पेंढा, गवत, लाकडाचा भुसा असेल तर आजच काढा, ओल लागली की बुरशीचे बीजाणू तिथूनच उडतात. ताणलेली जाळी लावा, खालचा कागद रोज बदला, हवा खेळती ठेवा. पंडुरोगी पक्ष्याचं रक्त उगाच वारंवार काढू नका.

धागाकर्ता: पेंढा काढतो. पोटाची पिसं अजून भिजतात, पुन्हा धुवू का?

प्रतिसाद २: आत्ता नको. पीसीव्ही ३० च्या वर, अंगाचं तापमान ३९ ते ४१ अंश आणि श्वास सुधारलेला, हे जमल्याशिवाय धुणं त्याला झेपणार नाही. नंतर ४० ते ४१ अंशाचं पाणी, त्यात १ ते २ टक्के भांड्यांचं लिक्विड. खरी गोम खळबळण्यात असते: बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा थर पिसांवर बसतो आणि पक्षी भिजतच राहतो. मृदू केलेलं पाणीच घ्या, जोराच्या फवाऱ्याने, थेंब पिसांवरून मोत्यासारखे घरंगळेपर्यंत.