छोट्या जातीचं कुत्रं घ्यायचंय, पण मोठं होऊन केवढं होईल?
मदत हवी आहे. मुलगी वर्षभर कुत्र्यासाठी मागे लागलीय, आता माझंही मन वळलंय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे अंगावर उडी मारली तरी त्यांचा तोल जाणार नाही, एवढंच कुत्रं हवं. शिह त्झू साधारण चार ते सात किलोचं होतं असं वाचलं. आम्ही पाहिलेलं पिल्लू अडीच महिन्यांचं, दोन किलोचं आहे. विकणारा म्हणतो, 'टीकप' आहे, फार वाढणार नाही. पण टीकप अशी वेगळी जातच नसते ना? आईबापांचं वजन बघून खात्रीचा अंदाज येतो का? तुमचं पिल्लू या वयात केवढं होतं आणि वर्षाचं झाल्यावर किती भरलं? मुलीला शब्द देण्याआधी कळायला हवं. घरी आणलेलं पिल्लू मोठं झालं म्हणून परत करणं मला जमणार नाही.