मदत हवी आहे: जिममध्ये दोन एसी चालू, तरी मेंबर घुसमटतात. तिसरा लावू का?

नमस्कार. माझी छोटी जिम आहे. हॉल साधारण १,००० चौरस फुटांचा, उंची ११ फूट, वर थेट गच्ची. २ टनाचे दोन स्प्लिट एसी आहेत. सकाळी काहीच तक्रार नसते. संध्याकाळच्या बॅचला एका वेळी २५ जण असतात आणि पाच ट्रेडमिल सलग चालू असतात. तेव्हा मात्र अर्ध्या तासात आरसे धुरकट होतात, मॅट ओल्या होतात आणि सगळे दाराकडे जाऊन उभे राहतात. रिमोटवर १८ ठेवलंय. भिंतीवरचा तापमापक २५ दाखवतो. २५ म्हणजे काही भट्टी नव्हे, मग एवढी तगमग का होते?

गेल्या आठवड्यात साठीचे एक काका ट्रेडमिलवरून उतरताना चक्कर येऊन खाली बसले. पाय वर करून झोपवलं, पाणी दिलं, थोड्या वेळाने बरे झाले. पण तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. लोक माझ्या भरवशावर येतात. विक्रेता म्हणतो तिसरा एसी बसवा. बसवायची तयारी आहे, पण दुखणं एक आणि औषध भलतंच असं व्हायला नको. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद (एसी दुरुस्तीत २० वर्षं):
तिसऱ्या एसीचं नंतर पाहू. आधी आर्द्रता मोजा, कारण आरसे धुरकट होणं ही तापमानाची नाही, दमटपणाची खूण आहे. घाम आला म्हणून शरीर थंड होत नाही, तो वाळला तर होतं. एक लिटर घाम वाळताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. हवा आधीच ओली असेल तर घाम वाळत नाही, नुसता मॅटवर ठिबकतो, आणि त्या ठिबकलेल्या घामाचा शरीराला काडीचा उपयोग नाही.

आता हिशेब बघा. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. व्यायाम करणारा, मधली विश्रांती धरूनही, सहज ४००. म्हणजे तुमच्या २५ जणांचे १०,००० वॅट झाले. एक टन एसी म्हणजे साधारण ३,५०० वॅट, तेव्हा जवळपास ३ टन नुसत्या माणसांतच गेले. ट्रेडमिलच्या मोटरला लागणारी वीजही शेवटी खोलीत उष्णता होऊनच उरते. वर तापलेला स्लॅब. चार टन तोकडे पडणारच. पण ते खरोखर चार टनांचं काम करताहेत का, हे तुम्ही सांगितलं नाही. आउटडोअर युनिट कुठे आहेत? फिल्टर कधी धुतले होते?

आणि १८ वर ठेवल्याने हवा लवकर गार होत नाही. एसी फक्त थांबायचं उशिरा ठरवतो.

प्रतिसाद (रोज जिमला जाणारी):
माझ्या जिममध्ये तर एकाच वेळी दोन ऋतू असतात. स्ट्रेचिंगच्या कोपऱ्यात एसीचा झोत थेट पाठीवर येतो आणि घामेजलेलं अंग काकडतं. तिथून दहा पावलांवर ट्रेडमिलवाले निथळत असतात. दादा, तुम्ही ट्रेडमिलच्या रांगेवर पंखा लावलाय का? रस्त्यावर धावताना आपल्या वेगानेच वारा लागतो. ट्रेडमिलवर माणूस जागच्या जागी असतो, त्यामुळे तो वारा मिळत नाही. समोरून, छातीच्या उंचीवर हवा आली की फार फरक पडतो.

धागाकर्ता:
ताई, पंखा नाही. एसी आहे म्हणून काढून टाकले होते, ही माझी चूक झाली. आर्द्रतामापक आणला. संध्याकाळी सात वाजता आकडा ७८ टक्के! आउटडोअर युनिट इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये समोरासमोर आहेत. एक्झॉस्ट आहे, चालूही असतो. पण थंडावा जाऊ नये म्हणून दार-खिडक्या घट्ट बंद ठेवतो.

प्रतिसाद (एसी दुरुस्तीत २० वर्षं):
सापडलं. समोरासमोरची युनिट एकमेकांनी सोडलेली गरम हवाच पुन्हा ओढतात. अशाने क्षमता बरीच घटते. आधी ती मोकळ्यावर काढा, कॉइल धुवून घ्या.

एक्झॉस्टबद्दल: आत यायला वाट नसेल तर तो हवा बाहेर टाकणार कुठून? पाती फिरतात, काम होत नाही. समोरच्या भिंतीला खालच्या बाजूने जाळी बसवा, एक्झॉस्ट वर राहू दे. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा घोळवतो, ताजी आणत नाही, म्हणून कोंदट वाटतं. जिमसाठी माणशी सेकंदाला १० लिटर बाहेरची हवा धरतात, शिवाय हॉलच्या आकाराप्रमाणे थोडी वर. मात्र पावसाळ्यात बाहेरची हवाही ओलीच असते, म्हणून गरजेपेक्षा जास्त ओढू नका. आत येणारी हवा एसीच्या झोतात मिसळेल अशी सोय करा. एअर कूलर कोणी सुचवला तर ऐकू नका. तो कोरड्या हवेत उत्तम, तुमच्याकडे दमटपणात भर घालेल.

प्रतिसाद (फिजिओथेरपिस्ट):
अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन व्यायामाच्या जागी २० ते २२ अंश आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते. तुमचा दुसरा आकडा जास्त घातक आहे. दमट उकाड्यात त्वचेकडे जास्त रक्त वळतं, घामाने पाणीही कमी होतं, म्हणून वेग तोच असूनही नाडी चढत जाते. काकांना डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ट्रेडमिलवर घेऊ नका, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत का तेही विचारा. आणि ट्रेनरना शिकवून ठेवा: कोणी असंबद्ध बोलायला लागलं किंवा तोल जाऊ लागला तर ती साधी चक्कर समजू नका. लगेच रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत थंड पाणी अंगावर ओतत राहा.

धागाकर्ता (तीन आठवड्यांनी):
सगळ्यांचे मनापासून आभार. युनिट बाहेरच्या भिंतीवर आणली, जाळी बसवली, गच्चीला पांढरा परावर्तक थर दिला, ट्रेडमिलसमोर तीन पंखे लावले. पाच ट्रेडमिल एकदम चालू न ठेवता बॅच अर्ध्या तासाने मागेपुढे केली. काल सात वाजता २३ अंश आणि ६१ टक्के होते. तिसरा एसी घेतलेला नाही. काकांची तपासणी झाली, डॉक्टरांनी सध्या फक्त चालायला सांगितलंय. त्यांना पंख्यासमोरची जागा दिली आहे.

एकच अडचण उरली. जाळी पश्चिमेच्या भिंतीला आहे आणि दुपारनंतर तिथून गरम झोत येतो. उत्तरेला हलवू की बाहेरून सावली करू?

प्रतिसाद (एसी दुरुस्तीत २० वर्षं):
उत्तरेला हलवा. पण आउटडोअर युनिटपासून लांब.