गावच्या घराला बाहेरून वायरचे कॅमेरे लावायचेत, डीव्हीआर घेऊ की पीओई?

पडवीतला_पाहुणा

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात आमचं गावचं घर आहे, चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. आई-बाबा दोघंच असतात आणि मी डोंबिवलीत. मध्यंतरी वाडीतल्या एका बंद घराचं कुलूप फोडलं तेव्हापासून आईचा जीव थाऱ्यावर नाही, त्यामुळे गणपतीच्या आधी कॅमेरे लावून टाकायचेच असं ठरवलंय. वायफायवाले नकोत, चिऱ्याच्या भिंतीतून वायफाय खळ्यापर्यंत पण धड पोचत नाही, आणि बॅटरीवाले नकोत कारण वर चढून चार्ज कोण करणार, बाबा ७२ चे आहेत.

जागा अशा आहेत. पुढची पडवी आणि खळं, मागचं दार (विहीर तिकडेच आहे), गोठ्याच्या बाजूने येणारी पायवाट आणि गेट. गेट घरापासून ६०-६५ मीटर असेल. एका ओळखीच्या माणसाने कोटेशन दिलंय, २ मेगापिक्सेलचे ४ कॅमेरे, ४ चॅनल डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारा रेकॉर्डर), ५०० जीबी हार्डडिस्क, ३+१ केबल, फिटिंगसकट. मित्र म्हणतो ते सगळं जुनं झालं, पीओई घे, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज घेणारे कॅमेरे. बजेट ३५ हजारांपर्यंत ताणता येईल.

अजून दोन अडचणी. लाईट जाते हे सांगायला नकोच, पण गेल्या मे महिन्यात वीज चमकली तेव्हा राऊटर आणि सेटटॉप बॉक्स दोन्ही गेले. आणि दुसरं म्हणजे वानर. कोणता ब्रँड घेऊ तेही सांगा.

केबलखेच

ब्रँडचं नंतर बघू, आधी त्या माणसाला एवढंच विचारा की गेटच्या कॅमेऱ्याला १२ व्होल्ट कुठून देणार. ३+१ मध्ये व्हिडिओची कोॲक्स (टीव्हीच्या केबलसारखी) आणि पॉवरच्या बारीक तारा एकाच आवरणात असतात, घराजवळच्या तीन कॅमेऱ्यांना ते चालून जातं, पण ६०-६५ मीटरवर तेवढ्या बारीक तारेतून व्होल्टेज चांगलंच पडतं. ओळखायची खूण म्हणजे दिवसा चित्र एकदम झकास आणि अंधार पडला की कॅमेरा बंद, परत चालू, परत बंद, कारण रात्री आयआरचे (अंधारात बघण्यासाठीच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचे) एलईडी लागले की करंट जास्त ओढला जातो. मग माणूस येतो, कॅमेरा बदलून देतो, पैसे घेतो आणि पुढच्या आठवड्यात परत तेच.

पीओईमध्ये एकाच नेटवर्क केबलमधून डेटा पण जातो आणि ४८ च्या आसपास व्होल्ट पण. व्होल्टेज जास्त म्हटल्यावर तेवढ्याच वॅटला करंट कमी लागतो, म्हणून घट कमी. १०० मीटरपर्यंत बिनधास्त. पीओईच्या साध्या एएफ स्टँडर्डचा स्विच (सगळ्या कॅमेऱ्यांच्या केबल जिथे जोडतात ती पेटी) पोर्टला १५.४ वॅट देतो आणि घरगुती बुलेट (नळीसारखा) कॅमेरा आयआरसकट ५-७ वॅटच्या वर सहसा जात नाही, म्हणजे भरपूर झालं. फक्त स्विचवर ८०२.३ एएफ किंवा एटी लिहिलेलं बघून घ्या, एकदम स्वस्तातले काही स्विच समोर काय जोडलंय हे न विचारताच पॉवर सोडतात.

आणि खरी फसवणूक केबलमध्ये होते! 'कॅट ६' म्हणून जे स्वस्त बंडल गळ्यात मारतात ते बऱ्याचदा सीसीए असतं, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. हातात घेतलं तरी हलकं लागतं. एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरं दिसलं की बंडल परत. कॅट ५ई चालेल, कॅमेऱ्याला १०० एमबीपीएसच्या वर काही लागत नाही, पण पूर्ण तांब्याची आणि बाहेर उन्हापावसात टिकणारं काळं आवरण असलेलीच घ्या.

साधंसरळ

उगाच महाग करताय सगळे. आमच्याकडे चाळीच्या जिन्यात डीव्हीआरच आहे, व्यवस्थित चालतंय, चित्र पण स्वच्छ. २ मेगापिक्सेल पुरे झाले की, सिनेमा थोडीच काढायचाय. गेटच्या कॅमेऱ्याला तिथेच वेगळा ॲडाप्टर लावा, गेटवर दिवा असेलच ना.

केबलखेच

@साधंसरळ चाळीच्या जिन्याला माझी काहीच हरकत नाही, तिथे डीव्हीआरच लावा. इथे ६५ मीटर आणि कोकणातला पाऊस आहे. गेटवर ॲडाप्टर लावला तर तो ठेवणार कुठे, आणि गेटची लाईन इन्व्हर्टरवर नसली तर लाईट गेल्यावर नेमका तोच कॅमेरा आंधळा.

भिंगरी_२८

मेगापिक्सेलपेक्षा लेन्स बघा, त्याबद्दल कोटेशनमध्ये एक अक्षर नसतं. तुम्हाला न विचारता चारही ठिकाणी २.८ एमएम (रुंद दाखवणारी लेन्स) लावून जातात कारण त्यात 'सगळं दिसतं'. सगळं दिसतं पण कोण आहे ते कळत नाही. अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखायचा तर चित्रात मीटरमागे २५० पिक्सेल लागतात असा सीसीटीव्हीच्या स्टँडर्डमध्ये धरलेला आकडा आहे. ४ मेगापिक्सेलचं चित्र २५६० पिक्सेल रुंद, म्हणजे जेमतेम १० मीटर रुंदीपर्यंत ही पातळी मिळते. २.८ एमएमचा कोन साधारण १०० अंशांचा, त्यामुळे तेवढी रुंदी ४ मीटर अंतरावरच भरते. त्यापुढचा माणूस दिसतो, पण शेजारचा बाळू की चोर ते सांगता येत नाही. तीच ६ एमएम लेन्स घेतली की १०-११ मीटरपर्यंत चेहरा मिळतो, फक्त आजूबाजूचं कमी दिसतं. हा हिशोब दिवसाउजेडीचा, रात्री याहून कमीच धरा.

मी असतो तर पडवीला २.८, मागच्या दाराला २.८ नाहीतर ४, पायवाटेला ४ आणि गेटला ६. उंची ८ ते १० फूट, त्यावर गेलात की नुसत्या टोप्या आणि टकलं रेकॉर्ड होतात. लावायच्या आधी शिडीवर उभं राहून मोबाईलवर लाइव्ह चित्र बघा, गेटमधून कोणाला तरी चालत आणा आणि मगच भोकं पाडा. हे रात्री पण एकदा करा. कौलाची वळचण किंवा पांढरी भिंत चित्राच्या कडेला आली तर आयआर तिच्यावर आपटून परत येतो, कडा पांढरीफटक आणि मधे काळोख. डोम (अर्धगोल काचेआडचा कॅमेरा) दिसायला छान पण काचेवर धूळ-पाणी बसलं की रात्री तोच प्रकार, बाहेरच्यासाठी बुलेट किंवा टरेट (गोळ्यासारखा, पण पुढे डोमची काच नसलेला) घ्या.

देवगडची_सून

दादा, वानरांचं मी सांगते कारण आमच्याकडे हे सगळं होऊन गेलंय. त्यांना कॅमेऱ्याशी काही देणंघेणं नसतं, त्यांना लोंबणारी वायर दिसली की धरून झोका घ्यायचा असतो. त्यामुळे बाहेर वायर दिसताच कामा नये, हात पोचेल तिथे जीआय पाईप, बाकी ठिकाणी जाड पीव्हीसी कंड्युट, आणि कॅमेऱ्याच्या मागे जंक्शन बॉक्स लावून सगळी जोडणी त्याच्या आत. कॅमेरा आयपी ६७ (धूळ-पाणी आत न जाणारा) असला तरी त्याची शेपटी आणि तो नेटवर्कचा जोड आयपी काहीच नसतो, त्यावर सोबत येणारी रबराची टोपी असते ती इन्स्टॉलर लोक बॉक्समध्येच ठेवून जातात. ती लावून घ्या. बॉक्समध्ये केबल खालून आत घ्या आणि आत जायच्या आधी खाली एक वळण सोडा म्हणजे पागोळ्यांचं पाणी केबलवरून ओघळत आत न जाता वळणावरून टपकतं. आमच्याकडे श्रावणात बॉक्स उघडला तर पिना हिरव्या झालेल्या, खारी हवा आणि पाणी दोन्ही.

चिऱ्यात साधा प्लास्टिकचा गुल्ला धरत नाही, चिरा भुसभुशीत, भोक मोठं होतं आणि स्क्रू नुसता फिरतो. लांब फास्टनर घ्या, नाहीतर सरळ वळचणीच्या वाशाला किंवा खांबाला लाकडी फळी मारून त्यावर लावा. माळ्यावरून केबल नेणार असाल तर तिथेही पाईपातूनच, उंदीर सोडत नाहीत.

आणि कोळी! आयआरच्या उजेडाला चिलटं येतात, चिलटांमागे कोळी, आणि मग रात्रभर मोबाईल वाजतो "मोशन डिटेक्टेड". आम्ही कॅमेऱ्याची आयआर बंद केली आणि पाच-सहा फूट बाजूला वेगळा एलईडी बल्ब लावला, आता चिलटं तिकडे जातात आणि चित्रही रंगीत येतं. तरी महिन्यातून एकदा केरसुणी फिरवावी लागतेच. सेटिंगमध्ये नुसतं मोशन नको, माणूस-गाडी ओळखणारं ऑप्शन असलेलाच कॅमेरा घ्या, नाहीतर झावळी हलली तरी सासूबाई फोन करतात.

अर्थिंग_आप्पा

विजेचं कोणीच नीट बोललं नाही म्हणून लिहितो. वीज थेट घरावरच पडायला लागते असं नाही, जवळपास पडली तरी ६५ मीटर लांब तांब्याच्या तारेत जो झटका तयार होतो तो स्विच, रेकॉर्डर आणि त्याला जोडलेला राऊटर असं सगळं घेऊन जातो. तुमच्या गेटच्या तारेला हाच धोका आहे. तिथे मी तांबं नेणारच नाही, फायबर नेईन. दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि नेटवर्क केबल जोडणारे डबे), गेटकडे छोट्या पेटीत एक पीओई इंजेक्टर (कॅमेऱ्याच्या केबलमध्ये वीज सोडणारा), झालं. काचेतून वीज येत नाही. फक्त इंटरनेटवाल्यांची ती काळी ड्रॉप केबल वापरलीत तर तिच्यात आधाराची लोखंडी तार असते, ती घरात आणू नका, बाहेरच कापा.

गेटला पॉवर मात्र न्यावी लागेल, ती घरच्या इन्व्हर्टरवरून वेगळी न्या म्हणजे @केबलखेच म्हणतात तो आंधळेपणाही येणार नाही. त्या लाईनला दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर (झटका जमिनीत सोडणारा) हवा. मोठा झटका आलाच तर गेटच्या पेटीतलं जाईल, रेकॉर्डर वाचेल. बाकी तीन केबल छोट्या आहेत, त्यांना स्विचकडे नेटवर्कचे सर्ज प्रोटेक्टर लावा, पण अर्थिंग नसेल तर ते लावून न लावून सारखंच. कातळावर अर्थिंग मिळणं अवघड असतं, मे महिन्यात जमीन कोरडीठक्क आणि वळीव नेमका तेव्हाच येतो. खड्डा खोल घ्या, कोळसा-मीठ घाला, उन्हाळ्यात पाणी ओता आणि इलेक्ट्रिशियनकडून मीटरने मोजून घ्या.

बॅकअपचं म्हणाल तर ४ कॅमेरे, स्विच, रेकॉर्डर, राऊटर आणि गेटची पेटी मिळून ५०-६० वॅट धरा. १५० एएचची बॅटरी चांगल्या स्थितीत असेल तर रात्र आरामात काढते.

पडवीतला_पाहुणा

बापरे, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. फायबरचं पटलं. दोन-तीन शंका आहेत. हार्डडिस्क किती घेऊ? तो माणूस म्हणतोय जुन्या स्टॉकमधले कॅमेरे निम्म्या किमतीत देतो, घ्यावेत का? आणि घर आमचं आणि चुलतकाकांचं सामाईक आहे, मधे फक्त भिंत. काका मुंबईत असतात पण मे महिन्यात आणि गणपतीला येतात, त्यांना विचारावं लागेल का?

केबलखेच

हार्डडिस्क ५०० जीबी विसरा. ४ मेगापिक्सेलला ४ एमबीपीएस धरले तर एका कॅमेऱ्याचे दिवसाला ४३ जीबी, चार कॅमेऱ्यांचे १७० च्या वर, म्हणजे तीन दिवसांत डिस्क भरून जुनं पुसायला सुरुवात. तुम्हाला चोरी कळेपर्यंत पुरावाच गेलेला. २ टीबी घ्या, अकरा दिवस येतील, एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) लावून बिटरेट निम्मा केलात तर तीन आठवडे. सर्व्हेलन्सवालीच घ्या, कॉम्प्युटरची साधी डिस्क चोवीस तास लिहायला बनवलेली नसते. रेकॉर्डर टीव्हीशेजारी ठेवू नका, चोर पहिला तोच उचलतो.

जुन्या स्टॉकचं, नको. ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीला केंद्र सरकारच्या सुरक्षेच्या अटी लागू झाल्यात, कॅमेरा एसटीक्यूसीच्या (केंद्र सरकारची तपासणी संस्था) तपासणीतून पास झालेला लागतो. म्हणून तर तो निम्म्या किमतीत सोडतोय. मॉडेल नंबर मागून घ्या आणि सर्टिफिकेट आहे का ते बघा, ब्रँड मग तुमच्या तालुक्यात ज्याची सर्व्हिस मिळते तो.

पासवर्ड तुम्ही स्वतः टाका, इन्स्टॉलरला सांगू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर नुसते कंपनीचे ठरलेले पासवर्ड वापरून ताब्यात घेतले होते. आणि मोबाईल ॲपमध्ये रेकॉर्डरचा क्यूआर स्कॅन कराल तो तुमच्याच फोनवरून. तो म्हणेल "मी करून देतो साहेब", मग रेकॉर्डर त्याच्या अकाउंटला चिकटतो आणि पुढे प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे जावं लागतं. पोर्ट फॉरवर्डिंगच्या (राऊटरमधून बाहेरच्यांना रेकॉर्डरपर्यंत थेट वाट उघडण्याच्या) फंदात पडू नका, बऱ्याच फायबर कनेक्शनला पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता) नसतोच, ॲपवरून बघा.

वकीलवाडी

काकांना विचाराच. एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या वादात कलकत्ता हायकोर्टाने २०२५ मध्ये सांगितलं की राहत्या भागात दुसऱ्या भावाच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवता येणार नाहीत, प्रायव्हसीचा प्रश्न येतो, आणि सुप्रीम कोर्टाने त्यात हात घातला नाही. तुमचे कॅमेरे बाहेर आहेत हे खरं, पण सामाईक खळं आणि काकांचं दार त्यात येणार. एक फोन करा, व्हॉट्सॲपवर "हो" लेखी घ्या, आणि जमलं तर त्यांनाही ॲपमध्ये फक्त बघायचा ॲक्सेस द्या, बहुतेक तेच निम्मा खर्च देतील. त्यांची खिडकी चित्रात येत असेल तर प्रायव्हसी मास्कने तेवढा चौकोन काळा करता येतो. न्हाणीघर, विहिरीवर बायका कपडे धुतात ती जागा, तिकडे तर कॅमेरा वळवूच नका.

देवगडची_सून

मागच्या कॅमेऱ्याचं तोंड विहिरीकडे न करता दारावर करा, चोर पाणी न्यायला येत नाही.

पडवीतला_पाहुणा

काकांशी बोललो. ते म्हणाले त्यांच्या बाजूला पण एक लावा, म्हणजे आता पाच झाले आणि ८ चॅनलचा एनव्हीआर (पीओई कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) घ्यावा लागणार. खर्च अर्धा-अर्धा. बाबांचं म्हणणं की गेटच्या कॅमेऱ्यात पोस्टमन दिसला पाहिजे. पुढच्या शनिवारी गावी जातोय, केबल इथूनच घेऊन जाईन, ब्लेड पण.

भिंगरी_२८

गेल्यावर रेकॉर्डरची तारीख-वेळ बघा, टाइम झोन +५:३० आहे ना आणि एनटीपी (इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवणं) चालू आहे ना. बऱ्याच रेकॉर्डरमध्ये पहिल्या दिवशी चीनची वेळ असते, अडीच तास पुढे. पोलिसांना फुटेज द्यायची वेळ आली की पहिला प्रश्न तिथेच येतो. आणि पोस्टमनसाठी ६ एमएमच घ्या.