मंडईत बाहुलीवाल्या बाबाजींचा शेवटचा खेळ: मांडणी कशी करावी?

मंडईप्रेमी (साकोलीकडचा)

नमस्कार मंडळी. आमच्या पंचक्रोशीत कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारे एक बाबाजी आहेत, वय ऐंशीच्या घरात. भाऊबीज झाली की मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. रात्री नाटक असो की दंडार (इकडचं लोकनाट्य), बाबाजींच्या बाहुल्या नाचल्या नाहीत तर लोक मंडई झाली असं धरतच नाहीत. पुण्या-नागपूरला कामाला गेलेले पोट्टेही त्या हिशोबानं सुट्टी टाकतात. यंदा बाबाजींनी सांगितलं, एवढी मंडई करतो अन् थांबतो. उजवा हात थरथरते, फार वेळ उभं राहवत नाही. आवाज मात्र अजून खणखणीत आहे.

गावाची इच्छा आहे की खेळ त्यांच्या तोलामोलाचा व्हावा अन् त्यांना त्रास होऊ नये. बाहुल्या नऊ, लाकडी, पावणेदोन फुटी, प्रत्येकीला पाच ते सात दोऱ्या. दोऱ्या सुती अन् जुन्या. दोन बाहुल्यांच्या पायातून पिठासारखा भुसा गळते. मंच, दोऱ्या, उजेड, माईक, सत्कार, सगळ्याबद्दल सांगजा.

पडद्यामागे

भाऊ, सगळ्यात आधी त्यांना बसवून खेळवायची सोय करा. फक्त नुसतं स्टूल दिलं तर हात खाली येतील, दोऱ्या ढिल्या पडतील आणि त्या तोडून आखूड करायची पाळी येईल. तसं अजिबात करू नका. इतक्या वर्षांचा हात त्या दोरीच्या लांबीला बसलेला आहे. त्याऐवजी मोजमाप घ्या. उभे असताना कोपर जमिनीपासून किती उंच (साधारण ४० इंच) आणि बाकावर बसल्यावर किती (२५-२६ इंच). जो फरक येईल, १४-१५ इंच, तेवढ्या उंचीचा पक्का चौथरा मागे बांधा. बाक त्यावर. दोरी जुनीच राहते आणि बाहुलीचे पाय बरोबर जमिनीला टेकतात. बाक चार-साडेचार फुटांचा घ्या, म्हणजे डावी-उजवीकडे सरकता येईल.

थरथरीचं असं आहे: आडवी थरथर लांब दोरीत बरीचशी विरून जाते, पण उभी थरथर थेट बाहुलीत उतरते आणि बाहुली जागच्या जागी उड्या मारल्यासारखी दिसते. यावर उपाय म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेकवायला आडवा बांबू. दोन इंच जाडीचा, त्यावर गोधडीची घट्ट गुंडाळी. हा बांबू मागच्या पडद्याच्या सांगाड्याला चुकूनही बांधू नका, त्याचे खांब वेगळे रोवा. नाहीतर हाताचा सगळा भार पडद्यावर येतो आणि पूर्ण पडदा हलत राहतो. समोरची वरची झालर खेळाच्या जमिनीपासून ३६ इंचांवर संपवा, म्हणजे बांबू आणि हात दोन्ही झाकले जातात.

नऊच्या नऊ बाहुल्यांचा आग्रह सोडा. पाच पुरेत. ज्या लाकडी फुलीला दोऱ्या बांधलेल्या असतात आणि जी हातात धरतात, तिला वरून एस आकाराचा हूक लावा आणि बाहुल्या प्रवेशाच्या क्रमाने बाजूच्या बांबूवर टांगा. मदतीला एक जोडीदार घ्या. त्याने बाहुली आत आणायची, मध्यापर्यंत चालवायची आणि तिथे फुली बाबाजींच्या हातात द्यायची. चालणं जोडीदाराकडे, बोलणं-नाचणं बाबाजींकडे. लोक येतात ते त्या नाचासाठी, तेवढी ताकद तिथेच खर्च होऊ द्या.

जुनं_लाकूड

दोऱ्या बदलाच, पण मंडईच्या किमान पंधरा दिवस आधी. मंडईच्या दिवसात रात्री दंव पडतं. पीळदार सुती दोरा ओल धरून आखडतो, तोही प्रत्येक दोरी वेगळ्या मापाने, आणि भर खेळात मान तिरपी होते. तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) वापरू नका. उजेडात चमकतो, गुंडाळीचा बाक सोडत नाही आणि गाठ सुटते. गुंफलेला काळा पॉलिस्टरचा दोरा आणा, अर्धा मिलिमीटर जाडीचा, आणि मधमाशीच्या मेणावरून दोन-तीनदा ओढून घ्या.

सगळ्या दोऱ्या एकदम कापल्या की बाहुलीचा तोल गेलाच म्हणून समजा. बाहुली टांगलेली ठेवून एकेक दोरी बदला. आधी डोकं, मग खांदे, पाठ आणि शेवटी हात. जुनी दोरी ताणलेली असतानाच मोजा. दुहेरी गाठ आणि गाठीवर नेलपॉलिशचा एक थेंब.

भुसा गळतो म्हणजे कीड आत बहुधा जिवंत आहे. रॉकेल किंवा डिझेल सोडायचा सल्ला कुणी ना कुणी देईलच, तो ऐकू नका. रंग सुटतो आणि विजेच्या दिव्याजवळ ते लाकूड धोक्याचं. त्या दोन बाहुल्या पॉलिथिनमध्ये हवा दाबून काढून चिकटपट्टीने बंद करा आणि आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये उणे १८ ते २० अंशावर दोन आठवडे ठेवा. मधे बराच वेळ लाईन गेली तर दिवस पहिल्यापासून मोजा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही. उघडली तर थंड रंगावर पाणी धरतं आणि पापुद्रे सुटतात. भोकं त्यानंतर बारीक भुसा आणि फेविकॉलने भरा.

पाय अगदीच पोकळ झाला असेल तर नवा शिवणीच्या वाळलेल्या लाकडाचा करा. हलकं असतं, वाकत नाही, तुमच्या भागात मिळतं. सागवान जड पडेल. आणि जुना पाय फेकू नका, कागदात गुंडाळून नाव घालून ठेवा.

मंडप_साऊंड

उजेड समोरून मारू नका. समोरच्या उजेडात दोऱ्या दिसतात आणि बाहुलीची सावली मागच्या पडद्यावर नाचते. दोन्ही बाजूंनी ५० वॅटचे पिवळसर एलईडी फ्लड, पाच-सहा फूट उंच, तिरपे. पडदा काळा, सुती, चमक नसलेला. धानाच्या कापणीचे दिवस म्हणजे तुडतुडे उजेडावर तुटून पडणार, बोलणाऱ्याच्या तोंडात जाणार. मंचापासून पन्नास-साठ फुटांवर एक पांढरा झगझगीत बल्ब खांबावर लावून ठेवा, बराचसा थवा तिकडे वळतो.

माईक कॉलरचा नको, हात हलला की खरखरतो. वाकणाऱ्या मानेचा माईक बांबूजवळ, तोंडापासून वीतभर. स्पीकर माईकच्या पुढे, प्रेक्षकांच्या दिशेने. आणि इको पूर्ण बंद, हे ऑपरेटरला दोनदा सांगा. इकोमध्ये शब्द बुडतात.

पावणेदोन फुटी बाहुली चाळीस फुटांपलीकडे नीट दिसत नाही. मागच्यांसाठी एका मोबाईलवरून मोठ्या पडद्यावर दाखवा. वेळ संध्याकाळी सातची. नाटक दहाला उभं राहते, तोवर गारठा वाढते अन् हात आणखी कापते.

मंडईप्रेमी

लय कामाचं सांगितलं. काहीजण म्हणून राहिले की संवाद आधीच रेकॉर्ड करून लावावे, म्हणजे बाबाजींना फक्त हात चालवावा लागेल. करावं का?

पडद्यामागे

नको. रेकॉर्ड कुणासाठी थांबत नाही. हात जरा मागे पडला की बाहुली मुकी आणि आवाज पुढे, आणि ती धावपळ म्हाताऱ्या माणसाला जास्त दमवते. शिवाय समोर बसलेल्या पाटलाचं, सरपंचाचं नाव घेऊन बाहुली टोमणा मारते, ते रेकॉर्डमध्ये कुठून येणार? फक्त सुरुवातीचा गण रेकॉर्ड करा. मध्ये दम घ्यायला वाजवता येईल असं एक गाणंही ठेवा. एकूण खेळ ३५ मिनिटं, त्यात पाच मिनिटं विसावा.

दस्तऐवज_ताई

सत्कार खेळाच्या आधी करा, दहा मिनिटांत आणि खुर्चीवर बसवून. खेळानंतर ते थकलेले असतील आणि भाषणं लांबली की त्यांनाच ताटकळत बसावं लागेल. हार घातला तर बाकावर बसण्याआधी उतरवा, फुलांत दोऱ्या अडकतात. थैली जमवत असाल तर रक्कम सरळ त्यांच्या खात्यात भरा आणि मंचावर फक्त पासबुक द्या.

मानधन मिळतं का ते विचारलं का? राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांची मानधन योजना आहे, महिना ५,००० रुपये. वय ५० च्या वर आणि कलेत किमान १५ वर्षं काम लागतं, उत्पन्नाचीही अट आहे. पंचायत समितीत चौकशी करा. अडतं ते पुराव्यावर, कारण खेळ करणारा माणूस स्वतःची कात्रणं सांभाळत नाही. ती चाहत्यांच्या घरात असतात. जुन्या मंडईची पत्रकं, लग्नाच्या अल्बममधला बाहुल्यांचा फोटो, मंडळाच्या वहीतली बिदागीची नोंद. गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे मागवा, प्रत्येकावर साल आणि गाव लिहा, ग्रामपंचायतीचं पत्र जोडा.

चित्रीकरण दोन ठिकाणांहून करा. समोरून सगळेच करतील. दुसरा मोबाईल बाबाजींच्या खांद्यामागे उंच स्टँडवर, हात आणि फुली दिसेल असा. पुढे कुणाला शिकायचं असेल तर कामाला येईल तो हाच. मंडईच्या आधी एका सकाळी उजेडात प्रत्येक बाहुलीचं चालणं, वळणं, बसणं, नमस्कार सावकाश करून घ्या, आणि कोणत्या बोटात कोणती दोरी ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. जोडीदाराचा सरावही त्यातच होईल.

बाहुल्या पुढे कुठे ठेवायच्या हे बाबाजींनाच ठरवू द्या. कोकणात पिंगुळीला कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जपणाऱ्या गंगावणे कुटुंबाने गोठ्यात संग्रहालय उभं केलं, परशुराम गंगावणेंना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तुमच्या शाळेतलं एक काचेचं कपाटही चालेल, पण त्यात बाहुल्या दोऱ्यांवर लटकत्या ठेवू नका, दोऱ्या ताणतात. आडव्या, धुतलेल्या सुती कापडात, दोऱ्या फुलीवर इंग्रजी आठसारख्या गुंडाळून. पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा बाहेर काढून खाली भुसा पडलाय का ते बघत जा.