नव्या थारची प्रतीक्षा, आणि तोपर्यंत जुनीचे ऑईल कधी बदलावे?

दिवाडीकर

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे २०२१ची डिझेल थार आहे, हार्ड टॉप, मॅन्युअल, फोर बाय फोर. रोजचा प्रवास दिवाडी बेटावरून फेरीबोटीने रायबंदर आणि तिथून पणजी, म्हणजे एका बाजूने जेमतेम दहा किलोमीटर. शिवाय महिन्यातून एखादा रविवार सत्तरी तालुक्यातल्या आजोळी जाणे होते, आणि तिथे घराच्या अलीकडे एक व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडावा लागतो.

२०२५च्या स्वातंत्र्यदिनी महिंद्राने मुंबईत ‘व्हिजन टी’ ही संकल्पना-गाडी दाखवली, तेव्हापासून माझे मन तिच्यात अडकले आहे. तिची उभी चौकोनी ठेवण पाहून मला तरी तीत पुढची थारच दिसते. ज्या नव्या ‘एन-यू आय-क्यू’ रचनेवर ती बेतलेली आहे, तिच्यावरच्या गाड्या २०२७पासून येणार असे कंपनीने त्याच वेळी जाहीर केले होते. म्हणून ती येईपर्यंत आहे ती गाडी उत्तम ठेवायची आणि मगच बदलायची, असे ठरवले आहे.

अडचण देखभालीची आहे. आमच्या ओळखीचे मिस्त्री सांगतात की पुस्तिकेत काहीही लिहिलेले असो, आपल्याकडे दर पाच हजार किलोमीटरला ऑईल बदललेच पाहिजे. माझा धाकटा भाऊ म्हणतो की हा निव्वळ पैशांचा अपव्यय आहे आणि कंपनीच्या अभियंत्यांना आपल्यापेक्षा अधिक कळते. दोघांचेही म्हणणे मला पटते, आणि म्हणूनच निर्णय होत नाही. जाणकारांनी कारणांसह सांगावे, ही विनंती.

सांगेकर

दिवाडीकरबाब, मी २०१२मध्ये खाणी बंद होईपर्यंत एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये होतो. तिथे खोदाई यंत्रांना किलोमीटर नसतातच. घड्याळ असते, आणि ऑईल अडीचशे तासांना बदलले जाई. तोच हिशेब आपल्या गाडीला लावून पाहा. घाटाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर ताशी साठच्या सरासरीने चाललेली गाडी दहा हजार किलोमीटरला साधारण १६७ तास चालते. रायबंदर ते पणजीच्या गर्दीत आणि फेरीच्या रांगेत ताशी वीसच्या सरासरीने चाललेल्या गाडीचे मात्र पाच हजार किलोमीटरलाच अडीचशे तास भरतात. तुमच्या मिस्त्रींनी हा हिशेब कदाचित मांडला नसेल, पण त्यांचा आकडा अनुभवातून आलेला आहे आणि तुमच्या वापराला तो लागू पडतो. बेळगावला आठवड्यातून दोनदा जाणाऱ्या माणसाला मी हाच सल्ला देणार नाही.

मला मात्र इंजिनपेक्षा तुमच्या व्हाळाची काळजी अधिक वाटते. तासभर चालून डिफरन्शिअल (दोन चाकांमधला गिअरांचा डबा) तापलेले असते आणि ते एकाएकी थंड पाण्यात जाते. आतली हवा आकसते आणि ब्रीदर, म्हणजे त्याची हवा ये-जा करायची नळी, तुंबलेला असेल किंवा सील झिजलेले असेल, तर तिथूनच पाणी आत ओढले जाते. थारला ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता दिलेली आहे हे खरे, पण तो आकडा धड सील आणि मोकळ्या ब्रीदरच्या गाडीचा आहे. मागच्या डिफरन्शिअलचा लेव्हल बोल्ट काढून बोट आत घाला. बोटाला लागलेले ऑईल मधासारखे पारदर्शक असेल तर ठीक; दुधाळ चहासारखे असेल तर त्याच दिवशी बदलून घ्या. हे काम किलोमीटरवर कधीच सोडू नये. पावसाळा संपला की एकदा, आणि खोल पाण्यात गाडी गेली की दर वेळी, एवढा नियम पुरे.

मडगावची वाचक

सांगेकरदादांचा अनुभव मोठा आहे, तरीही तासांच्या हिशेबाशी मी पूर्णपणे सहमत नाही. खाणीवरचे यंत्र ते सगळे तास धुळीत आणि पूर्ण भाराखाली असते. रांगेत मंद चालणारे इंजिन तसे नसते, आणि फेरीवर तर ते बंदच असते. आकडा पाच हजार असो वा साडेसात हजार, दिवाडीकरांनी आधी डिपस्टिक, म्हणजे ऑईल मोजायची पट्टी, पाहावी, कारण त्यांचा खरा प्रश्न धुराच्या नळीतल्या डीपीएफचा, म्हणजे काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा आहे. तो काजळी साठवतो आणि ती जाळून टाकायला त्याला साधारण सहाशे अंशांची उष्णता लागते, जी दहा किलोमीटरच्या प्रवासात मिळत नाही. मग इंजिन त्यासाठी जादा डिझेल सोडते, जाळण्याचे काम अर्ध्यावर तुटते, आणि त्यातले थोडे डिझेल पिस्टनच्या रिंगांमधून उतरून ऑईलमध्ये मिसळते. म्हणून ऑईलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली आणि पट्टीला डिझेलचा वास आला, तर किलोमीटर कितीही झालेले असोत, ऑईल बदलावे. पंधरवड्यातून एकदा अर्धा तास न थांबता मोठ्या रस्त्यावर गाडी चालवली तर हे बरेच टळते. ऑईलही डीपीएफला चालणारे, कमी राखेचेच हवे. दुकानदाराने स्वस्तातले पुढे केले तरी घेऊ नये.

आता मिठाविषयी, कारण तुमच्याकडे ते रोजचे आहे. भरतीच्या वेळी फेरीच्या धक्क्यावर चढउतार करताना मांडवीचे खारे पाणी चाकांवर आणि चॅसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, उडते. आठवड्यातून एकदा तरी गोड्या पाण्याने गाडी खालून धुवावी, आणि चॅसीच्या पोकळ पट्ट्यांना असलेली पाणी निघायची भोके काडीने मोकळी करावीत. गंजावरून काळे कोटिंग मारून घेणे हा सर्वांत वाईट उपाय आहे, कारण ओल आतच राहते. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजने माझ्या गाडीला असेच कोटिंग केले. पुढच्या मे महिन्यात ते चिमटीत धरून ओढले, तर त्याच्याबरोबर लोखंडाचे पापुद्रे हातात आले. जळके ऑईल खालून फासण्याची जुनी पद्धतही सोडावी. त्याने रबरी बुश फुगतात आणि ते शेवटी आपल्याच विहिरीच्या पाण्यात उतरते.

सांगेकर

मिठाबद्दल ताईंचे म्हणणे शंभर टक्के योग्य आहे, आणि तेच नव्या गाडीलाही लागू होते. आजच्या थारला वेगळी लॅडर चॅसी, म्हणजे बॉडीखालचा शिडीसारखा सुटा सांगाडा आहे; तिच्यावर कुठे गंज आला तर तो खालून दिसतो आणि वेळीच घासून रंगवता येतो. ‘एन-यू आय-क्यू’ मोनोकॉक आहे, म्हणजे बॉडी हाच सांगाडा. तशी रचना रस्त्यावर हलकी आणि स्थिर असते, पण दुमडलेल्या पत्र्यांच्या आत गंज सुरू झाला तर तो उशिरा कळतो. मी २०१०ची पहिली थार चालवली आहे, तिच्या मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगांचे दणके सोसले आहेत, आणि २०२०ची आली तेव्हा मागे कॉइल स्प्रिंग पाहून मनापासून आनंदलो होतो. नव्या गाडीचेही मी स्वागतच करीन. तरीही पहिल्या वर्षी घेऊ नका. एक पावसाळा ती दुसऱ्या कोणाकडे काढू द्या.

आणखी एक सांगायचे राहिले. महिन्यातून एकदा कच्च्या किंवा ओल्या रस्त्यावर फोर-हाय आणि फोर-लो (चारही चाके चालवणारे वेगवान आणि संथ गिअर) दोन्ही घालून थोडे अंतर चालवा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमधले ऑईल सगळीकडे फिरते. कोरड्या डांबरावर मात्र हे अजिबात करू नका. वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि तो सगळा ताण गिअरांवर येतो.

दिवाडीकर

आपणा दोघांचेही मनःपूर्वक आभार. आज सकाळी डिपस्टिक पाहिली; पातळी वरच्या खुणेच्या किंचित वर आहे आणि वासही येतो. दुपारी मिस्त्रींकडे मागच्या डिफरन्शिअलचा बोल्ट काढला, तर बोटावर अगदी सांगेकरबाबांनी लिहिला तोच रंग आला. ब्रीदरच्या तोंडाशी लाल माती सुकून घट्ट बसली होती. इंजिनचे आणि डिफरन्शिअलचे ऑईल उद्या बदलतो आहे, सील आणि ब्रीदरची नळीही नवी घालतो आहे. भावाला सोबत नेणार आहे, म्हणजे त्यालाही प्रत्यक्ष पाहता येईल.