बॅरेट्स आहे, ई-कॅडहेरिनची टेस्ट करून घ्यावी का?

कृष्णाकाठ: नमस्कार मंडळी, वडिलांना बरीच वर्षं ॲसिडिटीचा त्रास, आता एंडोस्कोपी झाली आणि बायोप्सीत बॅरेट्स इसोफेगस (ॲसिडमुळे अन्ननलिकेचं अस्तर बदलणं), लो ग्रेड डिस्प्लेझिया (पेशींत कॅन्सरआधीचे सौम्य बदल) असं आलंय. नेटवर वाचलं की कॅन्सरकडे जाताना पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन हे प्रोटीन कमी होत जातं. मग बायोप्सीच्या त्याच ब्लॉकवर (मेणात जपलेल्या तुकड्यावर) ती टेस्ट केली तर पुढचं आत्ताच कळेल ना? डॉक्टर नुसतं गरज नाही म्हणाले, का ते सांगितलंच नाही.

स्लाइडवाली: पॅथॉलॉजीत रेसिडेंट आहे. दादा, वाचलंत ते बरोबरच आहे. अन्ननलिकेच्या नॉर्मल अस्तरावर ई-कॅडहेरिनचा स्टेन (ते प्रोटीन कुठे आहे ते दाखवणारा रंग) केला की पेशींच्या कडेने तपकिरी रेघ उठते, अख्खी जाळी दिसते. डिस्प्लेझियात ती कुठेकुठे फिकट पडते, ॲडिनोकार्सिनोमात (बॅरेट्समधून होणाऱ्या कॅन्सरमध्ये) बऱ्याचदा तुटक होते नाहीतर रंग कड सोडून पेशीच्या आत पसरतो. पण हा फरक खूप पेशंट एकत्र मांडले की दिसतो, एकाच माणसाच्या बायोप्सीत एक तुकडा गडद आणि शेजारचा फिकट असं सर्रास असतं, त्यावरून तुमच्या वडिलांचं भविष्य कोण सांगणार?

बीटाकॅट: नुसतं कमी होतं एवढंच नाहीये. ई-कॅडहेरिनचं आतलं टोक बीटा-कॅटेनिन नावाचं दुसरं प्रोटीन धरून ठेवतं. ते मोकळं झालं की एरवी पेशी त्याची विल्हेवाट लावते, एपीसी प्रोटीन त्याच कामाला असतं. तिथेही बिघाड असला की बीटा-कॅटेनिन साठतं, केंद्रकात शिरतं आणि सायक्लिन डी१ सारखी पेशी वाढवणारी जीन्स चालू करतं. आणि अन्ननलिकेत ई-कॅडहेरिन बनवणारं सीडीएच१ जीन सहसा तुटलेलं नसतं, मिथायलेशनने (जीनवर रासायनिक खूण बसल्याने) किंवा स्नेल, स्लग असल्या प्रोटीन्समुळे दाबलेलं असतं, म्हणून पसरलेल्या गाठीत ई-कॅडहेरिन परत आलेलंही सापडतं. जठराचा डिफ्यूज (सुट्या पेशी पसरत जाणारा) कॅन्सर वेगळा, तिथे काही घराण्यांत हे जीन जन्मतःच बिघडलेलं असतं.

तंबाखूविरोधी: एक भर. आपल्याकडे अन्ननलिकेचे कॅन्सर जास्त करून स्क्वेमस (मूळच्या सपाट पेशींच्या अस्तरातून होणारे), तंबाखू-दारूवाले. चीनमधले बरेच पेपर त्याच प्रकारावर आहेत, ते वाचून बॅरेट्सला लावू नका, तो रस्ताच वेगळा.

कृष्णाकाठ: धन्यवाद सगळ्यांना, बरंच डोक्यावरून गेलं खरं 😅 मग डॉक्टरांना विचारू काय?

स्लाइडवाली: पहिलं म्हणजे स्लाइड्स पोटाच्या विकारांतल्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. लो ग्रेडवर आमच्यातच एकमत होत नाही, ॲसिडने सूज असली तरी पेशी तशाच दिसतात. टेस्ट करायचीच तर पी५३ (कॅन्सर रोखणारं प्रोटीन) चा स्टेन विचारा, डिस्प्लेझिया ठरवायला तो खरोखर कामाला येतो. दुसऱ्यानेही लो ग्रेडच म्हटलं तर आरएफए (उष्णतेने ते बदललेलं अस्तर जाळणं) करायचं की ठरावीक काळाने एंडोस्कोपी करत राहायचं एवढंच ठरवायचं उरतं. ॲसिडची गोळी मनाने बंद करू देऊ नका. आणि लॅबमधून स्लाइड्सबरोबर ब्लॉकही मागून घ्या, नुसत्या स्लाइड्सवर नवीन स्टेन करता येत नाही बहुतेक वेळा.