‘आम्ही उचलून नेऊ’ म्हणणाऱ्या समितीला रॅम्पची गरज कशी पटवावी?

प्रश्न (फोंडा तालुक्यातील वाचक)

लहानपणी झालेल्या पोलिओमुळे मी आजवर कॅलिपर (पायाला बांधायचा धातूचा आधार) आणि कुबड्यांच्या आधाराने चालत आलो. इतकी वर्षे शरीराचा भार पेलून खांदे झिजल्यामुळे आता व्हीलचेअर वापरतो. आमच्या गावातील सभागृहात वाचनालय आहे, तेथे नाटकांच्या तालमी आणि व्याख्यानेही होतात. दाराशी चिऱ्याच्या पाच पायऱ्या आहेत. यंदा इमारतीची दुरुस्ती निघाल्याचे कळले, तेव्हा मी सभागृहाच्या समितीला रॅम्पची विनंती केली. त्यावर उत्तर मिळाले, ‘तुम्ही फक्त फोन करा, चार मुले पाठवतो, ती उचलून वर नेतील, एका माणसासाठी एवढा खर्च कशाला?’

ही माणसे मनाने चांगली आहेत, म्हणूनच उत्तर देणे अवघड जाते. पायऱ्या चढू शकणाऱ्याला वाचनालयात जाण्यापूर्वी कोणालाही विचारावे लागत नाही; पुस्तक बदलून पाच मिनिटांत परतता येते, व्याख्यान रंगले नाही तर मधूनच उठता येते. मला मात्र आत जाण्याची, बाहेर पडण्याची, एवढेच काय, लघवीला जाण्याची वेळही दुसऱ्याच्या सवडीने ठरवावी लागेल. हे त्यांना न दुखावता, पण ठामपणे कसे सांगावे? कायद्याचा काही आधार आहे का?

उत्तर (डिचोली)

माझ्या आईला पक्षाघातानंतर लग्नसमारंभांत असेच उचलून नेले जात असे, म्हणून लिहीत आहे. उचलणाऱ्यांना खुर्चीची माहिती नसते. कोणी हाताच्या टेकूला धरतो, कोणी पायाच्या पट्टीला. हे दोन्ही भाग काढता-घालता येणारे असल्यामुळे ऐन पायरीवर ते हातात निघून येतात आणि खुर्ची एका बाजूला कलते. आईची साडी वर सरकत असे, ती एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने खुर्ची धरून डोळे मिटून बसत असे आणि सारा मांडव तिच्याकडे पाहत असे. पुढे पुढे तिने ‘मला बरे वाटत नाही’ असे सांगून समारंभांना जाणेच सोडले. लोक म्हणत, तिला माणसांत यायला आवडत नाही. तुमच्या समितीतील एखाद्या सदस्याला ‘तुम्हाला चारचौघांनी असे उचलून नेलेले चालेल का?’ असे शांतपणे विचारावे. शिवाय बॅटरीवर चालणारी खुर्ची कित्येकदा माणसाशिवायच पन्नास किलोंहून जड असते. ती चार मुलांनाही सहज उचलवत नाही.

उत्तर (पेडणे)

मी एका देवस्थान समितीवर काम करतो. आमच्यासारख्या समित्यांचा निधी वर्गणीवर चालतो, इमारती जुन्या असतात आणि दर्शनी भागाला हात लावायचा म्हटला की महाजनांत, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सदस्यांत, मतभेद होतात. या अडचणी खऱ्या आहेत आणि त्या समजून घेतल्याशिवाय चर्चा पुढे जात नाही. मात्र ‘एका माणसासाठी’ हे म्हणणे मला पटत नाही. आमच्याकडे पालखीच्या दिवशी गुडघे धरून पायऱ्यांखाली थांबणाऱ्या वृद्धांची रांग असते. व्हीलचेअरवरची माणसे दिसत नाहीत, कारण ती येऊच शकत नाहीत. मग त्यांच्या न येण्यावरून गरज नाही असे कसे ठरवता येईल?

उत्तर (निवृत्त बांधकाम अभियंता, म्हापसा)

समितीशी बोलताना हातात मोजमाप असू द्यावे. रॅम्पचा उतार 1:12 पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे एक फूट उंची गाठण्यासाठी किमान बारा फूट लांबी लागते. तुमची प्रत्येक पायरी सहा इंचांची धरली तर एकूण उंची अडीच फूट होते आणि रॅम्प किमान तीस फूट लांब होतो. समोर एवढी जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा ठेवून तो काटकोनात वळवता येतो किंवा बाजूच्या दाराला जोडता येतो. त्यामुळे दर्शनी भागही शाबूत राहतो. जागा वाचवण्यासाठी कित्येक ठिकाणी पायऱ्यांवरच सिमेंटची घसरगुंडी करून टाकतात. तिच्यावरून खुर्ची एकट्याने चढवता येत नाही आणि उतरताना मागे धरणारा माणूसही घसरतो, म्हणून असा रॅम्प कृपया स्वीकारू नये.

आपल्याकडे पावसाचे चार महिने वेगळे मोजावे लागतात. गुळगुळीत फरशी घातली तर पहिल्याच सरीत ती निसरडी होते आणि उघड्या चिऱ्यावर शेवाळ धरते. पृष्ठभाग खरबरीत ठेवावा, पागोळ्यांचे पाणी रॅम्पवर पडू नये म्हणून वर पत्रा घ्यावा, दोन्ही बाजूंना कठडे आणि कडेला चाक बाहेर जाऊ नये इतका उंचवटा ठेवावा. दार उघडल्यावर 900 मिलिमीटर मोकळी रुंदी मिळायला हवी. शौचालयाचे दारही त्याच वेळी मोजून घ्यावे. रॅम्प होतो आणि आत शौचालयाच्या दारात खुर्ची अडते, हे मी वारंवार पाहिले आहे.

उत्तर (पणजी)

कायद्याचा आधार भक्कम आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत लोकांच्या वापरातील खासगी इमारतीही येतात आणि त्यात धार्मिक व सांस्कृतिक उपयोगाचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम 45 नुसार जुन्या सार्वजनिक इमारतीही सुगम, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येतील अशा, करावयाच्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी प्रकरणात सुगमतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणे कायद्याशी विसंगत ठरवले आणि बंधनकारक नियम करण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. अधिनियमाचे उल्लंघन झाल्यास कलम 89 प्रमाणे पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही सुरुवात तक्रारीने करू नये, असे माझे मत आहे. दुरुस्तीचा आराखडा मंजूर होण्यापूर्वी लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. दाद मिळाली नाही तर राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे जाता येते. गोव्यात जानेवारी 2023 मध्ये पहिला पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव भरला आणि दिव्यांगांच्या सहभागाविषयी खूप बोलले गेले. त्याचा उल्लेख अर्जात जरूर करावा.

प्रश्नकर्ता (फोंडा)

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. सभागृहाच्या बाजूला तुळशीच्या अंगाने एक दार आहे आणि तेथे जमीन उंच असल्यामुळे दोनच पायऱ्या लागतात, हे आजवर माझ्या लक्षात आले नव्हते. भाच्याला टेप घेऊन पाठवतो आहे. मोजमाप मिळताच अर्जाचा मसुदा येथे टाकतो. अभियंता महोदयांनी तो एकदा पाहून द्यावा, ही विनंती.